प्रोसेसर दादाच बसवायचा

आमच्या घरात कॉम्प्युटर तयार असा कधी विकत आणला नाही. आम्ही तो जोडायचो. त्याचे भाग म्हापशाहून, पणजीहून आणि अलीकडे कुरिअरने यायचे. मग सर्वणला, माझ्या माहेरी, जेवणाच्या मेजावर जुन्या चादरीचा तुकडा अंथरून दादा आणि मी बसायचो. लग्न होऊन मी पेडण्याला आले, तिथे घरातच टाइपसेटिंगचं काम सुरू केलं. लग्नपत्रिका, उत्सवातल्या नाटकांची हँडबिलं, दशावतारी काल्याची पत्रकं, कधीतरी एखादं कवितांचं पुस्तक. काम पेडण्यात वाढलं, पण ज्याच्यावर ते चालायचं तो प्रत्येक कॉम्प्युटर सर्वणच्या त्या मेजावर जोडलेला होता.

दादा माझ्याहून बराच मोठा. सुर्ल्याला एका लोखंडाच्या खाणीच्या वजनकाट्यावर तो कारकून होता. मालाने भरलेले ट्रक काट्यावर चढायचे, उतरायचे, आणि दादा त्यांची वजनं लिहून घ्यायचा. पुढे त्या काट्याला कॉम्प्युटर जोडला. तो बिघडला की म्हापशाहून एक माणूस दुरुस्तीला यायचा, आणि तो काय करतो ते दादा त्याच्या मागे उभा राहून बघायचा. काही वर्षांनी त्या माणसाला बोलावणंच बंद झालं. मग खाणीही बंद झाल्या आणि दादा घरी आला. वयनीची नोकरी होती, माड-पोफळींचं थोडं कुळागर होतं, त्यामुळे संसाराचं अडलं नाही. पण दिवसभर घरात बसून राहणं दादाला जमणारं नव्हतं. तो गावातल्या, डिचोलीतल्या लोकांना कॉम्प्युटर जोडून देऊ लागला, बंद पडलेले उघडून साफ करू लागला.

त्याच्याकडे आलेली पेटी उघडली की आतल्या धुळीवरून ती कुठून आली ते तो सांगायचा. सुर्ल्याकडची असेल तर पंख्यावर तांबडा थर, हाताला मेंदीसारखा लागणारा. माझ्या पेडण्याच्या पेटीत धूळ कमी, पण स्क्रू गंजलेले. तो ब्रशने धूळ झाडायचा आणि मी उघड्या जनेलातून बाहेर तोंड फिरवून बसायची.

कामाची वाटणी आम्ही कधी बोलून केली नव्हती. कॅबिनेटचे स्क्रू, वायरी, रॅम, डिस्क हे सगळं माझं. प्रोसेसर मात्र दादाच बसवायचा. सगळा कॉम्प्युटर ज्याच्या जिवावर चालतो तो तुकडा केवढा, तर चौकोनी बिस्किटाएवढा. जुन्या प्रोसेसरना खालच्या बाजूने बारीक पिना असायच्या, शेकड्यांनी. मदरबोर्डवर त्यांच्यासाठी छिद्रांची चौकट, तिला सॉकेट म्हणतात. बाजूची दांडी उचलायची, कोपऱ्यावरची खूण खुणेला जुळवायची, प्रोसेसर अलगद ठेवायचा आणि दांडी खाली दाबायची. नंतरच्या काळात पिना सॉकेटमध्ये गेल्या आणि इतक्या नाजूक झाल्या की चुकून बोट लागलं तरी बोर्ड वाया जावा. दादा तेवढा वेळ श्वास धरायचा. "जोर लावूक नको," तो माझ्याकडे न बघता पुटपुटायचा, "तो आपणच बसता." स्वयंपाकघरात वयनी मिक्सर लावलेला असेल तर बंद करायची. मिक्सरने काही बिघडणार नव्हतं, पण ती बंद करायची.

सॉकेटमुळे आमचे प्रोसेसर घरोघर फिरायचे. मी नवा घेतला की माझा जुना दादाच्या मशीनमध्ये जायचा, दादाचा काढून शेजारच्या काकांच्या मशीनमध्ये. एकदा ऑक्टोबरच्या गडगडाटात पेडण्याला आमच्या माडावर वीज पडली आणि माझा मदरबोर्ड जळाला. मी रडकुंडीला आले होते, कारण एका पुस्तकाचं काम अर्ध्यावर होतं. दादाने जळक्या बोर्डातून प्रोसेसर काढला, कपड्याने पुसला, दुसऱ्या बोर्डात बसवला, आणि तो पुढे कितीतरी वर्षं चालला. तेव्हापासून सॉकेटवर माझी श्रद्धाच बसली. एक जळालं तरी दुसरं वाचतं, हे मला फार शहाणपणाचं वाटायचं.

दादाचंही तेच मत होतं, माझ्याहून कडक. लोक त्याच्याकडे लॅपटॉप आणायचे, जरा जोरात चालेल असं करून द्या म्हणायचे. तो उघडून बघायचा. आत प्रोसेसर बोर्डावरच कथलाचा डाग देऊन कायमचा चिकटवलेला असायचा. तो काढता येत नाही, बदलता येत नाही. दादा झाकण लावायचा आणि म्हणायचा, ह्यात आपल्याला करण्यासारखं काही ठेवलेलंच नाही. अलीकडे घरी जोडायच्या कॉम्प्युटरसाठीही तसले बोर्ड मिळू लागले, प्रोसेसर आधीच डागलेला, लहान आकाराचे. त्यांची चित्रं मोबाइलवर बघून तो मान हलवायचा.

त्यामुळे गेल्या वर्षी त्याने मला तसलाच बोर्ड घे म्हणून सांगितलं, तेव्हा मला आधी ते खरंच वाटलं नाही.

झालं होतं असं की नाटकमंडळींना आता हँडबिलांवर भागत नव्हतं. त्यांना नाटकाचं चित्रण करून, कापून-जोडून, मोबाइलवर पाठवता येईल असं हवं होतं. मी ते काम घेतलं आणि माझा कॉम्प्युटर हाशहुश करू लागला. एक प्रवेश तयार करायला लावून मी आमटी फोडणीला घालून यायची, तरी काम किती झालं ते दाखवणारी पडद्यावरची पट्टी अर्ध्यावरच. नवा जोडायची वेळ आली होती. एरवी मी नुसतं सांगायचा अवकाश, दादा आठवडाभर फोन करकरून डोकं खायचा. हा बोर्ड नको, तो बघ, त्या पंख्याचा आवाज होतो. ह्या वेळी तो फोनवर एवढंच म्हणाला, प्रोसेसर बोर्डावरच असलेला एखादा घे, बरे मिळतात आता.

मी हसले. मला वाटलं, थट्टा करतोय. मग मी त्याला त्या विजेची आठवण करून दिली. तो म्हणाला, वीज चमकायला लागली की प्लग काढून ठेवायचा. मी म्हटलं, दोन वर्षांनी हाच प्रोसेसर कमी पडला तर काय करायचं? तो म्हणाला, तेव्हाचं तेव्हा बघू. हे दादाचं बोलणं नव्हतं. दोन वर्षांनी काय होईल ह्याचा विचार करूनच तो आजचा स्क्रू फिरवायचा.

मला वाईट वाटलं. माझ्या कामात त्याला आता गोडी उरली नाही, लवकर उरकून टाकायचं आहे, असं माझ्या मनाने घेतलं. त्यानंतर काही दिवस आमचं बोलणं भात किती निघालं आणि वयनीचा गुडघा कसा आहे, एवढ्यावरच राहिलं. नवऱ्याचं म्हणणं होतं की दुकानातून तयार आण आणि मोकळी हो. मी ऐकलं नाही. मला हवा होता तसा, सॉकेटवाला बोर्ड मी मागवला, त्याला साजेसा प्रोसेसर मागवला, आणि सगळं आल्यावर एका रविवारी खोके स्कूटरवर बांधून निघाले. कोलवाळचा पूल, म्हापसा, अस्नोडा. वाटेत मी मनातल्या मनात दादाशी भांडत होते.

भांडण झालं नाही. दादाने चादर अंथरून ठेवली होती. वयनीने पोदेराकडून गरम पाव घेऊन ठेवले होते, ते आम्ही मुगाच्या भाजीबरोबर खाल्ले, हात धुतले आणि बसलो. दादाने खोक्यावरचं सगळं वाचून काढलं. बोर्ड चांगला निवडला आहेस म्हणाला. मी कॅबिनेट उघडलं, डिस्क बसवली, वायरी मोकळ्या केल्या. मग बोर्ड चादरीवर ठेवला आणि नेहमीप्रमाणे त्याच्यासमोर सरकवला.

त्याने प्रोसेसरची डबी उचलून माझ्यासमोर ठेवली.

"आज तू बसव," तो म्हणाला.

मी त्याचं ऐकलं नाही म्हणून तो रुसला आहे, एवढंच माझ्या डोक्यात आलं. मीही हट्टाने म्हटलं, "नेहमी तू बसवतंस. तूच बसव."

स्वयंपाकघरात वयनीचा मिक्सर बंद झाला. दादाने चष्मा पुसला. डबी उघडली, दोन बोटांनी प्रोसेसर कडेला धरून उचलला आणि सॉकेटवर नेला. तिथे त्याचा हात थरथरायला लागला. थंडीने थरथरतो तसा नाही. मनगटापासून एकसारखी लहर येत होती आणि बोटांच्या टोकाला मोठी होत होती. त्याने डाव्या हाताने उजवं मनगट धरलं. मग दोन्ही हात हलू लागले. खाली त्या केसासारख्या पिना उघड्या होत्या. त्याने हात मागे घेतला, प्रोसेसर परत डबीत ठेवला, झाकण लावायला त्याला जरा वेळ लागला. मग त्याने दोन्ही हात मेजाखाली मांडीवर नेले.

"हात एका जाग्यार रवत नाय गो," तो म्हणाला.

वयनी दारात येऊन उभी होती. तिला हे आधीपासून ठाऊक होतं. नंतर तिने मला सांगितलं की बरेच दिवस ती त्याला चहा अर्धा कपच देत होती, आणि तो अर्धा का ते त्याने कधी विचारलं नव्हतं. कॉम्प्युटर घेऊन येणाऱ्यांना तो डोळ्यांना नीट दिसत नाही असं सांगून डिचोलीच्या दुकानाकडे पाठवत होता. मला काही कळलं नव्हतं, कारण आमचं सगळं फोनवर. फोनवर आवाज कळतो. हात कसा कळणार?

मग दादाने मला त्या दुसऱ्या बोर्डाचं सांगितलं. मान खाली घालून, चादरीच्या काठाकडे बघत.

"तसलो बोर्ड असतो तर त्यात बसवूचा काय नसता. चार स्क्रू मारले की झालां. तुझां मशीन माझ्या हातान झालां असतां."

त्याची हौस गेली असं मी धरून चालले होते. ती टिकवायची वाट तो शोधत होता, आणि त्या वाटेत मी माझी श्रद्धा आडवी घालून बसले होते. हे मला तिथल्या तिथे कळलं असं मी म्हणणार नाही. तेव्हा मी फक्त डबी पुढे ओढली.

प्रोसेसर मी बसवला. दादा शेजारी बसून सांगत होता. खूण बघ. कडेला धर, मधे बोट लावू नको. सरळ खाली. सोड. मी सोडला आणि तो खरंच आपणहून बसला. दांडी दाबताना कुरकुर असा आवाज झाला आणि मी हात काढून घेतला. बाहेरून इतकी वर्षं ऐकलेला तो आवाज स्वतःच्या हाताखाली फार वेगळा लागतो.

"तो कुरकुरताच," दादा म्हणाला. "भिया नको. दाब."

मशीन पहिल्या झटक्याला सुरू झालं. एरवी पडदा उजळला की दादा वयनीला हाक मारायचा, ये बघ म्हणून. त्या दिवशी वयनी आधीच तिथे होती.

जेवण झाल्यावर मी त्याला विचारलं, डॉक्टरांकडे गेला होतास का? नव्हता गेला. गावात एका ओळखीच्या माणसाला कंपवात झालेला होता, त्याचं शेवटचं अंथरुणावरचं वर्ष दादाने बघितलं होतं. इंटरनेटवर त्याने हाताच्या थरथरीबद्दल वाचलं होतं, आणि वाचून डॉक्टरांकडे जायचं अधिकच टाळलं होतं. मशीन बिघडलं की आधी उघडून बघा म्हणून लोकांना सांगणारा हा माणूस. वयनीने मात्र माझ्या येण्याचा फायदा घेतला. तिने त्याच्या देखत मला विचारलं, म्हापशाला कुठला डॉक्टर बरा, आणि तू कधी मोकळी आहेस. दादा उठून कुळागरात निघून गेला, पण नको म्हणाला नाही.

म्हापशाला आम्ही तिघं गेलो. डॉक्टरबाई तरुण होत्या. त्यांनी दादाला कागदावर गोगलगाईच्या शंखासारखी रेघ काढायला लावली, एका पेल्यातलं पाणी दुसऱ्यात ओतायला लावलं, बाहेरच्या ओसरीत चालून दाखवायला सांगितलं. हात मांडीवर स्वस्थ असले की थरथरतात का, हे त्यांनी पुन्हा पुन्हा पाहिलं. शेवटी म्हणाल्या, हा कंपवात नाही. ही थरथर हात काही करायला गेला की येते, बऱ्याचदा घराण्यातून येते. गोळीने कमी होईल, पूर्ण जाईलच असं नाही. घरात आणखी कोणाला होती का?

दादा नाही म्हणाला. मीही नाहीच म्हणणार होते. मग मला आमचे बाबा दिसले, दोन्ही हातांनी बशी धरून चहा पिणारे. आम्ही मुलं त्यांची नक्कल करायचो. ती त्यांची लकब आहे असंच आम्हांला वाटत आलं होतं. मी ते डॉक्टरबाईंना सांगितलं. दादाने माझ्याकडे वळून पाहिलं आणि बराच वेळ पाहत राहिला.

परतताना अस्नोडा आलं तेव्हा त्याने थांबायला सांगितलं. आम्ही एका लहानशा हॉटेलात बसलो. त्याने भाजी-पाव मागवला आणि चहा. चहा पूर्ण कप आला. त्याने तो उचलला, थोडा बशीत सांडला, थोडा मेजावर. तो पीत राहिला. वयनीने रुमाल काढला होता तो तिने परत पर्समध्ये ठेवला.

गोळ्यांनी फरक पडला, पण प्रोसेसर बसवण्याइतका नाही. मग दादाने स्वतःसाठी तो डागलेल्या प्रोसेसरचा बोर्ड मागवला. तळहाताहून थोडा मोठा असेल. त्याने तो एकट्याने जोडला. मी मुद्दाम गेले नाही. वयनीने सांगितलं की अख्खी दुपार लागली, स्क्रू कितीदा तरी जमिनीवर पडले, एक कोंबड्यांच्या खुराड्याखाली सापडला, आणि टोकाला लोहचुंबक असलेला स्क्रू ड्रायव्हर आणल्यावर काम पुढे सरकलं. संध्याकाळी त्याचा फोन आला. चालू झाला, एवढंच म्हणाला, पण आवाजावरून तो उभा राहून बोलत होता हे मला कळलं.

पुढच्या खेपेला गेले तेव्हा त्याने मला ते मशीन दाखवलं. त्याला पंखाच नाही. नुसता पत्र्याच्या पात्यांचा ठोकळा, त्यातून ऊब निघून जाते. पंखा नाही म्हणून धूळ ओढली जात नाही. दादाने झाकण काढून दाखवलं, आत तांबडा कण नव्हता. मी वाकून तो प्रोसेसर जिथे असेल तिथे बघत राहिले. कुठल्या तरी दूरच्या कारखान्यात एका यंत्राने तो तिथे ठेवला असेल आणि खालचा कथलाचा एकेक थेंब एकाच उष्णतेत वितळून घट्ट झाला असेल. तिथे कोणी श्वास धरला नसेल. तरी त्या पक्क्या डागामुळेच माझ्या भावाला त्याचं काम परत मिळालं होतं.

मला अजून सॉकेटच आवडतो. वीज अजून आमच्याच माडांवर पडते, आणि हे मशीन जळालं तर त्यातलं काही वाचणार नाही, हे मी दादाला सांगितलं. त्याने ते मान्य केलं. पण पूर्वी मी ज्या खात्रीने बोलायची ती खात्री आता माझ्या बोलण्यात येत नाही. बदलता येण्यासारखं असावं, उघडता येण्यासारखं असावं, हे मी चांगलं म्हणत होते, तेव्हा ते उघडणारे हात कायम तसेच राहणार असं मी गृहीत धरत होते. माझेही हात आहेत. बाबांची बशी आम्हां दोघांच्याही वाट्याची आहे. कधी कधी पत्रिकेचं मुद्रित तपासताना मी कागद उंच धरते आणि त्याच्या कडेकडे बघत राहते.

मी आता बहुतेक रविवारी सर्वणला जाते. लोक पुन्हा येऊ लागले आहेत. मागच्या महिन्यात मयेहून एक शिक्षिका आल्या. त्यांना लॅपटॉपचा प्रोसेसर बदलून हवा होता. दादाने झाकण उघडून त्यांना शेजारी बसवलं आणि दाखवलं, हा इथे डाग देऊन बसवलेला आहे, हा निघणार नाही. पूर्वी ह्यापुढे तो झाकण लावायचा. आता त्याने त्यांना रॅमची जागा दाखवली, डिस्क दाखवली, हे दोन्ही वाढवता येतं, तुमच्या कामाला तेवढं पुरेल म्हणाला. त्यांना ते पटलं. मग त्यांनी विचारलं की घरी सासऱ्यांचा एक जुना मोठा कॉम्प्युटर आहे, त्याचा तरी प्रोसेसर बदलता येईल का.

"येता," दादा म्हणाला. "त्याचो सुटो असता." मग त्याने स्क्रू ड्रायव्हर चादरीवर ठेवला आणि दोन्ही हात त्यांना दिसतील असे मेजावरच राहू दिले. "पण माझो हात थरथरता. प्रोसेसर माझी बहीण बसयता. रविवारी घेवन येया."

परक्या माणसासमोर हे त्याने म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. शिक्षिकांनी त्याच्या हातांकडे एकदा पाहिलं, मग माझ्याकडे वळून विचारलं की रविवारी मी नक्की असते का. मी असते म्हटलं. त्यांना एवढंच सांगितलं, जरा लवकर या, ऊन चढलं की पंखा लावावा लागतो आणि धूळ उडते.